ओराकेईची जमीन

आज न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या ओराकेई भागातल्या ताकापारावहाऊ टेकडीवरून ओकाहूचा किनारा पाहिला आणि मन विषण्ण झाले. १८४० मध्ये न्गाती व्हातुआ या माओरी जमातीचे प्रमुख आपिहाई ते कावाऊ यांनी ब्रिटिश गव्हर्नर हॉब्सन यांना राजधानीसाठी जमीन दिली; त्यांच्याच वंशजांच्या या किनाऱ्यावरील गावासमोरून पुढे शहराच्या सांडपाण्याची वाहिनी नेली गेली, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाव जाळून त्यांना हुसकावल्यावर हाती राहिले ते पाव एकराचे दफनस्थान. टेकडीवर महागडी घरे बांधण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा जानेवारी १९७७ पासून लोकांनी तिथे ठाण मांडले. २५ मे १९७८ रोजी २२२ जणांना अटक झाली. पूर्वजांच्या भूमीसाठीचा तो हट्ट मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. टेकडी अखेर १९८८ मध्ये जमातीला परत मिळाली.