ठणका, ओढ, चमक आणि माझा नवा खुबा

डावा खुबा बदलून आज चौदा आठवडे झाले. ऑपरेशनच्या आधी ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, अहो दुसऱ्या दिवशी चालवतात, आणि ते खोटं नाहीये, मलाही दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन दारापर्यंत नेऊन आणलं. गंमत म्हणजे जी कळ चार वर्षं मला रात्री कुशीवर वळू देत नव्हती ती गायब. मी ह्यांना म्हणलं, सुटले एकदाची.

कुठलं काय! सांधा नवा आला पण भोवतीचं मांस जुनंच होतं ना. चार वर्षं लंगडत चालले, त्यात डाव्या बाजूचे स्नायू पार आळशी झालेले, आणि वरून ऑपरेशनला त्यातलेच काही बाजूला सारून, कापून आत जातात. मग ते रुसणारच. तिसऱ्या आठवड्यात मांडी अशी दुखायची की वाटायचं काहीतरी चुकलंय नक्की.

घरी फिजिओथेरपीला एक मुलगी यायची, गोड होती पण रोज आली की पहिला प्रश्न, "काकू, दहापैकी किती?" आता मी बत्तीस वर्षं शाळेत मार्क दिले, पण दुखण्याला मार्क कसे द्यायचे? मी म्हणलं, अगं कुठल्या दुखण्याला? संध्याकाळी खोल आतून ठणकतं ते वेगळं, पाय मागं नेला की पुढून ओढ लागते ती वेगळी, आणि पलंगावरून उतरताना जांघेत चमक निघते ती तर त्याहून वेगळी. ती हसली आणि म्हणाली, मग हेच लिहून ठेवा की. तेव्हापासून कालनिर्णयच्या चौकोनात, जिथं दुधाचा हिशोब असतो तिथंच, ठ, ओ नाहीतर च लिहायला लागले. कधीकधी 'भ', म्हणजे पाय भरून आला. दूधवाल्याचं एक लिटर आणि माझा ठ शेजारी शेजारी :)

याचा खरा उपयोग झाला सहाव्या आठवड्यात. त्या दिवशी सकाळी उठले तर काहीच दुखेना. साताऱ्यातली डिसेंबरची थंडी, छान ऊन पडलेलं, मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि निघाले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, वाटलं अजून एकदा जाऊ, आणि आमची गल्ली म्हणजे चढ, साताऱ्यात सपाट असतंय काय. दोन फेऱ्या झाल्यावर जिनापण चढले, घरी येऊन तासभर ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापल्या. फार शहाणपणा केला. संध्याकाळपासून जे ठणकायला लागलं ते तीन दिवस. मी रडले, खोटं कशाला सांगू. वाटलं सगळं पाण्यात गेलं, पुन्हा वॉकर.

फिजिओ आली, कॅलेंडर बघितलं, म्हणाली आधीचे सहा दिवस एक ठ एक भ असं चाललंय आणि काल एकदम तीन ठ, काय केलंत ते सांगा. सांगितलं. मग तिनं मला आरशासमोर, खुर्चीची पाठ धरून, डाव्या पायावर उभं केलं. माझी उजवी बाजू खाली गेली, साडी एकीकडून लोंबावी तशी. म्हणाली, कमरेच्या बाजूचा हा जो स्नायू आहे तो एका पायावर उभं असताना कंबर सरळ धरून ठेवतो, तुमचा दमतो, म्हणून काठी. आणि काठी उजव्या हातात! मी इतके दिवस दुखऱ्या बाजूलाच धरत होते कारण आपल्याला वाटतं जिथं दुखतं तिथं टेकू द्यावा. उलट्या हातात धरली की त्या स्नायूवरचा भार कमी होतो, हे मी त्याच दिवशी चालून बघितलं आणि पटलं. जिन्याचं तर तिनं पाठच करून घेतलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी त्याच्याबरोबर.

दुसरा झटका 'च' चा. गाडीत बसताना पाय उचलून आत घेतला की जांघेत अशी चमक की तोंडातून आवाज निघायचा. मला वाटलं सांधाच निसटतोय. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, सांधा जागेवर. पाय उचलायचा जो स्नायू जांघेतून जातो तोच चिडला होता, कारण मी उताणं झोपून सरळ पाय वर उचलायचा व्यायाम सांगितल्याच्या दुप्पट करत होते, मोबाईलवर बघून. तो बंद केला, गाडीत बसताना आधी सीटवर मागं टेकायचं आणि मग हातानं पाय आत घ्यायचा, असं पंधरा दिवस केलं तेव्हा चमक ओसरली.

मधे एकदा पोटरी सुजली, गरम लागायला लागली. हे मात्र मी कॅलेंडरवर लिहीत बसले नाही, लगेच फोन केला, त्यांनी डॉपलर, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करायला लावलं, रक्ताची गाठ नव्हती. पण तुमच्यापैकी कुणाला असं झालं, किंवा दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, नाहीतर एकदम पाय टेकवताच येईना, तर ठणका आहे म्हणून अंगावर काढू नका. आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आपल्या मनानं आणू नका. ह्यांनी प्रेमानं आणलेली, पण माझं तेव्हा रक्त पातळ करायचं औषध चालू होतं, त्याच्यासोबत तसल्या गोळीनं रक्तस्राव होऊ शकतो म्हणून डॉक्टरांनी आधीच बजावलेलं.

सल्ले तर विचारूच नका. शेजारच्या वहिनी मालिशवाली घेऊन दारात हजर, टाक्यांवर तेल चोळायला! तिला चहा देऊन परत पाठवलं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले, त्याला मी विरोध केला नाही.

ह्या सगळ्यात झोप लागायची नाही, दोन पायांत उशी धरून उताणं पडायचं म्हणजे शिक्षाच. तेव्हा एका रात्री मोबाईलवर त्या जॉन चार्न्लीबद्दल वाचलं, इंग्लंडातल्या राइटिंग्टनचे सर्जन, आजच्या खुब्याचा मूळ साचा त्यांचाच. त्यांनी आधी खुब्यात टेफ्लॉन नावाच्या प्लास्टिकच्या वाट्या बसवल्या, त्या काही वर्षांतच झिजल्या, आणि त्या पेशंटची परत ऑपरेशनं करावी लागली. मग 1962 मध्ये वेगळं प्लास्टिक घेतलं. दोन्हीचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून बघितले म्हणे, सूज कशानं येते ते बघायला. माझ्या मांडीत तेव्हा ठणकत होतं, मी म्हणलं, बाबा तुमच्यापण?

परवा काठी घेऊन पहिल्यांदा मंडईत गेले. एका हातात काठी आणि एका हातात पर्स, मग मेथीची जुडी कशात धरणार, तर ह्यांच्या हातात. भाजीवाली म्हणाली, "बाई, लई दिसानं." पंधरा मिनिटं उभी होते, मग तिनंच फळकुटाचा स्टूल पुढं सरकवला. स्टूल बुटका, अजून इतकं खाली बसायला परवानगी नाही, म्हणून नको म्हणलं आणि हातगाड्याला टेकून उभी राहिले. रात्री एक ठ लिहिला. च नव्हता.