तीन प्लगची गाडी

लेहला गाडीने जायचं ठरलं तेव्हा सोसायटीत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: बाबांची मारुती नेऊ नका. 1998 ची कार्बोरेटरवाली 800, बारा इंची चाकं, चाळीसच्या आतली अश्वशक्ती. शेजारचे काका स्वतःची नवी डिझेल गाडी द्यायला तयार होते. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

बाबा गॅरेजवाल्या काकांकडे गेले. काकांनी काहीच लपवलं नाही. उंचीवर हवा विरळ झाली की इंजेक्शनची गाडी इंधन आपलं आपण कमी करते, कार्बोरेटरला ते जमत नाही. "चढाला काळा धूर सोडेल, मिसिंग मारेल. पण ही बंद पडली तर तुम्ही स्वतः उघडाल. ती बंद पडली तर स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागेल." पुढचे चार रविवार बाबा तिथे बसून शिकले. प्लग काढणं, कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, फुंकणं, क्लच वायर बदलणं. वय 66. डिकीत फॅनबेल्ट, एसी पंपाचं (टाकीतलं पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचं) किट, क्लच-अ‍ॅक्सिलरेटरच्या दोन्ही वायरी आणि साबणाची एक वडी. टाकीला दगड लागून गळती झाली तर साबण दाबून बसवायचा.

धुळे, इंदूर, आग्रा, चंदीगड, मनाली. ऑगस्ट 2011. या पाच दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही, गाडीने काही सांगावं लागू दिलं नाही.

मनालीच्या पुढे तांडीच्या पंपावर पाटी होती: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. आमची टाकी 30 लिटरच्याही आतली, म्हणून दोन कॅन भरून घेतले आणि लेहपर्यंत गाडीत पेट्रोलचा वास घेत बसलो.

झिंगझिंगबार सोडल्यावर बारालाचा खिंडीच्या चढाला गाडी फर्स्टलाही उठेना. मग आचके, काळा धूर, आणि वळणावरच बंद. बाबांनी तीन वेळा चावी फिरवली, चौथ्यांदा हात काढून घेतला. "ओव्हर झाली. प्लग पेट्रोलने भिजले."

वारा असा की बॉनेट धरून ठेवावं लागत होतं. गॅरेजवाल्या काकांनी पुण्यातच प्लगच्या वायरींना लाल दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या, एक, दोन, तीन. सुन्न बोटांना त्या गाठी चाचपून कळत होत्या. तीन सिलिंडर, तीनच प्लग. बाबांनी ते माझ्या रुमालावर ओळीने ठेवले, तिन्ही काजळीने काळे. पॉलिश पेपरने एकेक घासायचा, फुंकायचा, की थांबून श्वास घ्यायचा. चार वाक्यंही सलग बोलता येत नव्हती त्यांना.

मागे भाड्याच्या मोठ्या गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजत राहिले. एकाने काच खाली करून आमचा व्हिडिओ काढला. त्या माणसाचा मला अजूनही राग येतो. समोरून खाली येणारा एक ट्रकवाला मात्र काही न विचारता उतरला, ताडपत्रीचा तुकडा आणला आणि बाबा काम करत होते तितका वेळ वाऱ्याच्या बाजूला धरून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "फिल्टर भी निकाल दो, बाबूजी. नीचे जाके वापस लगाना, धूल है।" इंजिनला जास्त हवा मिळावी म्हणून एअर फिल्टर काढला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बाबांनी चावी फिरवली. खूप वेळ नुसती घरघर, मग एक सिलिंडर, मग दुसरा, मग तिसराही लागला. बाबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

दोन तास गेले होते, म्हणून सरचूला मुक्काम करावा लागला. आधी केलाँगला दोन रात्री थांबायला हवं होतं, मीच घाई केली. सव्वाचार हजार मीटरवर तंबूत बाबांचं डोकं रात्रभर ठणकत होतं आणि मी त्यांचे श्वास मोजत बसले होते. गाडीची इतकी तयारी केली आणि माणसाची राहिली. सकाळी ते चहा प्यायले, तेव्हा कुठे मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी टंगलंग ला खिंड, 5328 मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. मी पाटीपाशी उतरले, फोटोसाठी बाबांना हाक मारली. ते उतरले नाहीत. इंजिन बंद करायची त्यांची तयारी नव्हती. आत बसून हळूहळू रेस देत राहिले आणि काचेतून हात हलवला. फोटोत पाटी आहे, पांढरी मारुती आहे, आणि काचेमागे बाबांचा तो हात.