तुम्ही विचारलंत म्हणून : त्या बाईंना मी का बोलावलं

अमेरिकी वकिलातीने पाठवलेल्या प्राध्यापक बाईंचं भाषण मुसलमान बायकांसाठी चालणाऱ्या आमच्या सल्ला केंद्राने पुण्यात कोंढव्यात का ठेवलं, हे मला आजही विचारलं जातं. चळवळीतले मित्र विचारतात, मोहल्ल्यातले बुजुर्ग विचारतात. २०१७ साली तिहेरी तलाकचा निकाल लागल्यावर तर आमच्या केंद्राची पायरीही न चढलेल्यांनी विचारलं. पैसा कुणाचा होता, एवढंच सगळ्यांना हवं असतं. बाई काय बोलल्या हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून तिथूनच सांगते.

त्या मूळच्या इजिप्तच्या, अमेरिकेत कौटुंबिक कायदा शिकवणाऱ्या. २०१० चा हिवाळा होता. ओबामांचं कैरोचं भाषण होऊन दीड वर्ष झालं होतं. लोकशाही आणि स्त्रियांचे हक्क, दोन्ही मुद्दे त्यात होते. बाईंनी कुराणातल्या सूरह निसा या अध्यायातल्या दोन आयती, म्हणजे वचनं, घेतल्या. तिसरी आयत चार बायकांची मुभा देते, पण सगळ्यांना सारखा न्याय देता येत असेल तरच. आणि एकशे एकोणतिसावी सांगते की कितीही मनात आणलंत तरी तसा न्याय तुमच्या हातून होणार नाही. ट्युनिशियाने १९५६ मध्ये दुसऱ्या लग्नावर बंदी घातली तेव्हा याच आयतींचा आधार दिला गेला. मोरोक्कोने २००४ मध्ये मुलीच्या लग्नाचं वय अठरा केलं, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हे कलम काढून टाकलं. पाकिस्तानात १९६१ पासून तलाकची लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस तो लागू होत नाही. आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून एकच ऐकवलेलं असतं, की शरीयतला हात लावता येत नाही. मुसलमान मुलकांनी तो लावलाय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या रांगेत एक खाला, म्हणजे मावशी, बसल्या होत्या. नवऱ्याने पोस्टाने तलाक पाठवलेला, तीस वर्षांच्या संसारानंतर. त्या उभ्या राहिल्या. "ये आयत काज़ीसाब को मालूम नहीं क्या?" बाई म्हणाल्या, त्यांना माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही, यावरच सगळं चाललंय. खाला खाली बसल्या आणि शेजारणीकडून कागद मागून आयतींचे आकडे लिहून घेतले. या एका गोष्टीसाठी मी ते भाषण पुन्हा ठेवीन, असं मी बरीच वर्षं म्हणत आले.

मग मागून एक कॉलेजचा मुलगा उठला. त्याने विचारलं, अफगाण बायकांच्या नावाने तुमच्या देशाने बाँब टाकले, आणि सौदीत बायकांना गाडी चालवू देत नाहीत तरी ते तुमचे दोस्त, हे कसं? प्रश्न रास्त होता. १७ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश रेडिओवर अफगाण स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलल्या, तेव्हा पुण्यातल्या सभेत मी हेच म्हटलं होतं, की बायकांची दुःखं लढाईवर पांघरूण घालायला वापरली जातायत. आजही तेच म्हणते. बाईंनी टाळाटाळ केली नाही. इराक युद्धाच्या विरोधात मी माझ्या देशात रस्त्यावर उतरले, इथेही तेच सांगते, मी सरकार नाही, असं त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेतले वकिलातीचे अधिकारी लिहून घेत होते. त्यांनी अडवलं नाही. वकिलातीने भाषणाला पाठवलेले असे वक्ते आपापली मतं मांडायला मोकळे असत. २००५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या कॅरन ह्यूज सौदीत जेद्दाच्या महिला कॉलेजात गेल्या. त्या सरकारच्याच होत्या. तुम्हीही गाडी चालवावी असं त्या म्हणाल्या, तेव्हा मुलींनी 'आम्ही सुखात आहोत' असं सुनावलं. आमच्याकडे आलेल्या बाई वेगळ्या होत्या, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

पण बाईंच्या मागे बॅनर होता, वकिलातीच्या शिक्क्याचा. तो लावू नका असं मी सकाळीच सांगितलं होतं. नियम आहे, लावावाच लागतो, असं उत्तर मिळालं. मुलाने विचारलेला प्रश्न आणि बाईंचं उत्तर हॉलमध्येच राहिलं. बाहेर गेला तो बॅनर, फोटोतून.

पुढच्या जुम्म्यापर्यंत मोहल्लाभर झालं, की केंद्र अमेरिकेच्या पैशावर चालतं. एक छदामही आलेला नव्हता. बाईंचं तिकीट आणि राहणं वकिलातीने केलं होतं, हॉलचं भाडं आम्ही भरलं होतं. सांगून कोण ऐकतो? सोमवारी खालांचा भाऊ आला. बसा म्हटलं तर बसला नाही. "बहन के काग़ज़ दे दो, आपा." मी त्याला समजावलं. कारण नसताना आणि समेटाची खटपट न करता दिलेला तलाक ग्राह्य नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये शमीम आरा प्रकरणात म्हटलंय. त्याच वर्षी आपल्या औरंगाबाद खंडपीठानेही सांगितलं, की तलाक दिला म्हणणं पुरेसं नाही, तो सिद्ध करावा लागतो. केस मजबूत आहे. त्याने मान हलवली. "केस सही होगी. लेकिन लोग बोलेंगे अमरीकावालों ने लड़वाई." मी कपाटातून फाइल काढली. निकाहनामा, पोस्टाचं पाकीट, राशन कार्डाची झेरॉक्स, आणि त्यातच घडी घातलेला तो आयतींच्या आकड्यांचा कागद. सगळं पिशवीत घालून तो गेला. खाला परत आल्या नाहीत. मी दोनदा घरी गेले. दारातूनच चहा विचारला गेला.

एका मित्राशी याच्यावरून अजून भांडण चालतं. मी म्हणते, १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरोधात सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, त्यांच्यामागे कुठली वकिलात होती? तरी त्यांना कौमचे दुश्मन ठरवलंच. आरोप करणारे करतातच. तो म्हणतो, मग त्यांच्या हातात शिक्क्यानिशी पुरावा कशाला द्यायचा? इथे माझ्याकडे बोलायला काही उरत नाही, आणि तरी तो जिंकला असंही मी मानत नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या एका वकिलातीकडून विचारणा आली. बॅनर नको, फोटो नकोत, आणि अधिकारी बरोबर न घेता वक्त्याने एक दिवस केंद्रात बायकांबरोबर बसावं, अशा अटी मी घातल्या. बॅनरवर ते अडले. मी नाही म्हणून कळवलं.

केंद्रातल्या एका मुलीला हे कळलं, तेव्हा ती चिडली. "आपा, आमच्या वतीने तुम्ही नाही कसं म्हणालात? ऐकायचं की नाही ते आम्ही ठरवलं असतं." तिचं म्हणणं मला पुरतं पटलेलं नाही. खालांची फाइल पिशवीत जाताना तिने पाहिलेली नाही. पण पुढे अशी विचारणा आली, तर आधी सगळ्या बायकांना बसवून, खालांचं काय झालं ते सांगून मगच ठरवायचं, एवढं मी तिच्याजवळ कबूल केलंय.