म्हाताऱ्याच्या हातातलं गिरमिट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि ड्रॉइंग हॉलमधला टर्पेंटाइनचा वास आला. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी, मी फक्त ड्रॉइंगच्या सरांबद्दल लिहिणार आहे.

१९८८ साली ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यावर सरांनी मला ऑइल पेंटिंगला बसवलं. समोर मासिकातून कापलेलं चित्र : ‘सुतार जोसेफ’. जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराचं, १६४२ च्या सुमाराचं. म्हातारा जोसेफ वाकून गिरमिटानं तुळईला भोक पाडतोय, लहानगा येशू मेणबत्ती घेऊन समोर, आणि ज्योतीआड धरलेल्या त्याच्या बोटांतून उजेड आरपार. मी सुताराचा मुलगा, म्हणून सरांनी मुद्दाम हेच काढलं असणार. फळीसुद्धा वडिलांच्याच दुकानातली, प्लायवूडचा उरलेला तुकडा.

चौकोन पाडून रेखाटन झालं. मग सगळ्या फळीवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, फासायचा आणि उजेडाच्या जागा चिंधीनं पुसून काढायच्या. इथवर जमलं. पुढं मी मागच्या अंधारात थेट ट्यूबमधला काळा भरून टाकला. सरांनी नाईफनं सगळा खरवडला आणि ट्यूब स्वतःच्या खिशात घातली.

“लाइट गेल्यावर तुमच्या दुकानात काळं दिसतं का रे? जा, बघून ये.”

आमच्याकडं लाइट रोजच जायची. वडील कंदिलाजवळ चौकटीला भोकं पाडत होते. कोपऱ्यातलं सागवान तपकिरी दिसत होतं, त्यामागं काहीतरी निळसर. मी कंदिलापुढं हात धरला. बोटांच्या कडा लालसर, मधे काळपट.

“काय करायलास रे? उजेड अडवायलास!” वडील ओरडले.

मग अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळून अंधार केला, पातळ थर, प्रत्येक थर वाळू देत. त्या एका पंजालाच तीन आठवडे गेले. वडिलांनी चित्र बघितलं. म्हणाले, “गिरमिट बरोबर धरलंय म्हाताऱ्यानं.”

आता पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, बरं चाललंय. मागच्या वर्षी लेकीनं पॅरिस दाखवलं. लूव्रमध्ये मूळ चित्र आहे, १३७ बाय १०२ सेंटीमीटर. मी त्यातला अंधारच बघत राहिलो. लेकीला वाटलं, बाबांचे पाय दुखले.

ड्रॉइंग हॉलमध्ये आता कॉम्प्युटर आहेत म्हणे. माझी फळी तिथंच खिडकीवर टांगलेली असायची. स्टोअर रूममध्ये कुणाला सापडली तर जरूर कळवा. पाठीमागं वडिलांनी पेन्सिलीनं कुणाच्यातरी कपाटाची मापं लिहिलेली आहेत.