बारावा पेशंट

मे महिना. कूलरमध्ये पाणी भरत होतो, तेवढ्यात सर्जरीची एक रेसिडेंट लॅपटॉप घेऊन दारात. थिसिस जमा करायला चार दिवस उरलेले. "सर, एकच पेशंट काढला की पी व्हॅल्यू येते. काढू?" पी व्हॅल्यू म्हणजे, खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५च्या खाली आली की सगळे खूश.

नागपुरात थिसिसची आकडेमोड तपासून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, संत्र्याच्या बर्फीसारख्या गोड आवाजात.

जुनं ड्रेसिंग बारा जणांना, नवं बारा जणांना. डिस्चार्जपर्यंतचे दिवस मोजलेले. सरासरी जुन्याची ८.२, नव्याची ९.२. सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी-टेस्टची पी व्हॅल्यू ०.८३. मध्यक मात्र ८ आणि ५! नव्या गटातले अकरा जण ३ ते ७ दिवसांत घरी गेलेले, बारावा ५८ दिवस.

"आधी केसपेपर आण." मला वाटलं, ५ किंवा ८ लिहिताना बोट घसरलं असेल. वॉर्डातल्या सिस्टरनी नाव बघताच ओळखलं. "भंडाऱ्याचे काका ना जी हे? शुगर उतरतच नव्हती त्यांची. दोनदा ओटीत न्यावं लागलं." आकडा खरा होता. मग काढणार कसा?

पाठकोऱ्या कागदावर चोवीस जणांना कमी दिवसांपासून जास्त दिवसांकडे क्रमांक दिले; आता तुलना दिवसांची नाही, दोन गटांच्या क्रमांकांची. काकांना चोविसावा. ते ५८ऐवजी ५८० दिवस राहिले असते तरी चोविसावाच. ही युक्ती विलकॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाची, १९४५ची. दोनच वर्षांनी मान आणि व्हिटनी यांनी ती पुढे नेली. पी व्हॅल्यू आली ०.००४च्या आसपास.

पोरगी उडालीच. पण सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे आधीच जमा केलेल्या थिसिसच्या आराखड्यात, टी-टेस्ट लिहिलेली. निकाल बघून टेस्ट बदलणं मला पेशंट काढण्याइतकंच खटकतं. म्हटलं, दोन्ही छाप आणि का ते लिही. शिवाय नव्या गटाने खाटा अडवल्या ११० दिवस, जुन्याने ९८. खाटांचा हिशेब विचारला तर सरासरीच सांगावी लागेल, क्रमांक तिथे कामाचे नाहीत.

जाता जाता दोन्ही गटांत वरचे दोन, खालचे दोन छाटून सरासरी दाखवली: ८ आणि ४.९.

"म्हणजे काकांना तुम्हीही काढलंच की सर!"

पकडलं होतं तिने. छाटणीचा नियम आकडे बघण्याआधी ठरवायचा आणि दोन्ही गटांना, दोन्ही टोकांना सारखा लावायचा, असं सांगत बसलो. तोवर कूलर कोरडा पडला होता.

व्हायव्हात परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, "हा बारावा कोण?"