शाळेच्या कुंपणातली चंद्रज्योत

चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याची बातमी महाराष्ट्रात नवी नाही. गाव बदलते, बाकीचा घटनाक्रम बहुधा तोच असतो: कुंपणातली बी कोणीतरी फोडून खाल्ली, ती चवीला बरी लागली म्हणून मित्रांना वाटली आणि काही तासांतच सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. अशी बातमी वाचली की मला वाईट तर वाटतेच, पण चीडही येते, कारण हे टाळता येण्यासारखे आहे.

मोगली एरंड या नावानेही ओळखले जाणारे हे झुडूप मूळचे मध्य अमेरिकेकडचे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि नुसती फांदी खोचली तरी ती जगते, त्यामुळे शेताच्या बांधाला आणि शाळेच्या आवाराला त्याचे कुंपण स्वस्तात होते. त्यात २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी या झाडाची शिफारस केली आणि पडीक जमिनींवर त्याची लागवड वाढली. तेलाच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत.

त्याचे हिरवे फळ पिकताना पिवळे आणि वाळल्यावर काळपट होते. ते तडकले की आत साधारणपणे तीन काळ्या, लांबट बिया मिळतात आणि बीचे कवच फोडले की पांढरा गर निघतो, ज्याची चव शेंगदाण्याच्या जवळ जाते. खरा धोका या चवीत आहे, कारण गर कडूजहर असता तर मुलांनी तो पहिल्या घासालाच थुंकून टाकला असता. त्यातील कर्सिन हे प्रथिन आणि फॉर्बोल एस्टर ही द्रव्ये विषारी असून, त्यांमुळे घशात जळजळ, पोटात मुरडा, उलट्या आणि जुलाब होतात. या विषावर खास उतारा नाही. शरीरातले कमी झालेले पाणी व क्षार सलाईनने भरून काढणे हाच मुख्य उपचार असतो आणि तो वेळेवर मिळाला तर बहुतेक मुले बरी होतात.

बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे, तसे नाही. तिच्या बियांतील विष थेट हृदयावर परिणाम करते, ठोके मंद आणि अनियमित होतात, म्हणून उलट्या थांबल्या तरी ईसीजी काढून रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते. नेमके काय खाल्ले हे डॉक्टरांना कळणे म्हणूनच फार महत्त्वाचे असते. उरलेली बी, फळ किंवा फांदी दवाखान्यात सोबत न्यावी.

मुलाला मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय आजही सर्रास केला जातो. तो कृपया करू नका. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांकही प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लावलेला असावा.

सगळी चंद्रज्योत उपटून टाका, असे माझे म्हणणे नाही. शेताच्या बांधावर ती राहू दे. शाळा आणि अंगणवाडीच्या आवारातून मात्र ती काढावी आणि तिथे करवंद लावावे. त्याच्या काट्यांनी गुरे अडतात आणि पिकलेली करवंदे मुलांनी बिनधास्त खावीत.