जाड टायरची शर्यत, आईचा आवाज आणि मंडळासाठी थोडं ज्ञान

कोल्हापूरहून मामाच्या पोराचा परवा मेसेज आला. यंदा गणपतीत मंडळातर्फे लहान पोरांची सायकल शर्यत घ्यायचं चाललंय, तुमच्या तिकडं सगळं जग सायकलवरच असतंय तर तिथं कसं घेतात जरा लिहून टाक. व्हॉट्सॲपवर एवढं टाईप करायचा कंटाळा म्हणून इथंच लिहिते, म्हणजे बाकीच्या पेठांनापण वाचता येईल आणि नंतर "एकट्या मंगळवार पेठेलाच सांगितलंस होय" असं कोणी म्हणायला नको.

तर आम्ही राहतो नेदरलँड्सच्या दक्षिणेला, ब्राबांट प्रांतात, आयंडहोवनजवळच्या एका गावात. या देशात माणसं साधारण एक कोटी ऐंशी लाख आणि सायकली दोन कोटी तीस लाखांच्या आसपास, म्हणजे माणसांपेक्षा सायकली जास्त, हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेलच. पण देश एवढा सपाट आहे की मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच "डोंगर" फाल्सरबेर्ग ३२२ मीटरचा, आणि आपण बिंदू चौकात नुसतं उभं राहिलो तरी साडेपाचशे मीटरच्या आसपास असतो. हे मी इथल्या शेजाऱ्यांना सांगितलं की ते हसतात, मग मी पन्हाळ्याच्या चढाचे फोटो दाखवते आणि ते गप्प होतात.

आता मुद्द्याचं. इथं उन्हाळ्यात गावोगावी सायकलची "रोंडं" असते, म्हणजे फेऱ्यांची शर्यत. शहरांत असतेच, पण खरी मजा छोट्या गावात, कारण बऱ्याच ठिकाणी ती गावच्या जत्रेला जोडून असते. पाळणे, फ्राईजच्या गाड्या, बिअर, आणि मधल्या रस्त्यावरून सायकली. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती आमच्याकडं, तिला घेऊन गेलो. कोल्हापूरच्या बाईला शर्यत म्हटल्यावर काय, ती सकाळपासूनच तयार, पदर खोचून, पायात बूट. आणि तिनं जे प्रश्न विचारले तेच मंडळाला लागणारेत, म्हणून तिच्याच क्रमानं सांगते.

पहिला प्रश्न, "अगं पण ह्यातले रस्ते किती लांबचे? गेले की दिसणार न्हाईत परत." हीच तर गोम आहे. रस्ता लांब नसतोच. गावातल्या चार-पाच गल्ल्यांचा बंद फेरा करतात, एक-दोन किलोमीटरचा, आणि त्याच फेऱ्यावर परत परत फिरवतात. मोठ्यांना चाळीस-पन्नास फेऱ्यासुद्धा असतात. त्यामुळं तुम्ही आपल्या दारात खुर्ची टाकून बसायचं, दर दोन-तीन मिनिटांनी सगळा जथ्था तुमच्यासमोरून सूं करून जातो. मधल्या वेळेत गप्पा, चहा, कोण पुढं होतं कोण मागं पडलं. शिवाय आपलं पोरगं नजरेआड होत नाही, पडलं तरी पाच मिनिटांत कळतं. पॉइंट टू पॉइंट शर्यत घेतली, म्हणजे इथून सुटायचं आणि जोतिबाला संपायचं, तर बघणाऱ्याला सुरुवात दिसते नाहीतर शेवट दिसतो, मधलं सगळं मोटरसायकलवाल्यांचं. ती मोठ्यांसाठी ठीक आहे. पोरांना फेराच पाहिजे.

दुसरा प्रश्न, "पोलीस कुठायत?" मी पण आधी शोधलेलं. जवळजवळ नाहीत. प्रत्येक चौकात, प्रत्येक बोळाच्या तोंडाला नारिंगी नाहीतर पिवळं जॅकेट घातलेला गावातलाच माणूस उभा. आमच्या शेजारचे आजोबा, बेकरीतली बाई, शाळेतली मोठी पोरं. पण कोणीही उठून उभं राहिलं असं नाही, ऑनलाईन छोटं ट्रेनिंग करावं लागतं, वय १६ पूर्ण पाहिजे, आणि नगरपालिका त्यांना त्या कामासाठी नेमते, मगच ते गाडी अडवू शकतात. अधिकार कागदावर असतो म्हणून वाद घालत नाही कोण. रस्त्यावर राहणाऱ्यांना आधीच पत्र येतं, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत गाडी बाहेर काढता येणार नाही, काढायची असेल तर आधी काढून ठेवा. वळणावर गवताचे गठ्ठे रचतात, कोणी सटकलं तर भिंतीऐवजी गवतात जाईल. आई म्हणाली, कडबा घाला की, आपल्याकडं काय कमी आहे. बरोबर आहे, फक्त तो घट्ट बांधलेला पाहिजे.

मग सुरू झाली पोरांची शर्यत. डिक्के बांडेन रेस म्हणतात, जाड टायरची शर्यत. मोठ्यांच्या स्पर्धेच्या आधी बऱ्याच ठिकाणी ही असते, आणि मला विचाराल तर दिवसातली सगळ्यात भारी शर्यत हीच. सहा-सात वर्षांपासून बारापर्यंतची पोरं, वयाप्रमाणं गट. नियम एकच कडक, रेसिंग सायकल चालत नाही. शाळेला जाता तीच आणायची, मडगार्ड, घंटी, कॅरिअर, काहींच्या हँडलला फुलांची माळ आणि बाहुलीची सीट. त्यामुळं बापानं लाखाची सायकल घेऊन दिली म्हणून पोरगं पुढं, हे होतच नाही. क्लबला जाणाऱ्या पोरांना बऱ्याच ठिकाणी वेगळं काढतात. हेल्मेट सक्तीचं. आणि इथं गंमत बघा, रोजच्या सायकलला या देशात हेल्मेटची सक्ती नाही, लहानसहान पोरं भर ट्रॅफिकमधनं मोकळ्या डोक्यानं शाळेला जातात, पण शर्यतीला पाठीवर नंबर लागला की डोक्यावर हेल्मेट आलंच.

आमची लेक आठ वर्षांची, तिच्या गटात होती. शिट्टी वाजली आणि आईला काय झालं कुणास ठाऊक, बॅरिकेडला पोट टेकवून "हाण! हाण की गं! मागं बघू नकोस!" असा आवाज काढला की समोरच्या फुटपाथवरची माणसं बघायला लागली. दुसऱ्या फेरीला तीच माणसं "हान! हान!" ओरडायला लागली, उच्चार वाईट पण भावना योग्य. माईकवाल्याला पण ते ऐकू गेलं, त्यानं काहीतरी डचमध्ये विनोद केला आणि सगळी हसली. लेक मधल्या कुठल्यातरी नंबरात आली, मेडल सगळ्यांनाच मिळतं आणि वर आईस्क्रीम. सगळ्यात शेवटी एक बारकं पोरगं आलं, साखळी उतरलेली, सायकल ढकलत, आणि त्याला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या पहिल्याला पण नव्हत्या. माईकवाला त्याचं नाव घेत होता सारखं. शेवटचा येईपर्यंत निकाल जाहीर करायचा नाही, हे मंडळानं लिहून ठेवा. आपल्याकडं पहिला आला की सगळी स्टेजकडं पळतात आणि मागची पोरं रिकाम्या रस्त्यावरून येतात.

(बापलोक मात्र जगात सगळीकडं सारखे. इथं पण दोघं-तिघं पोराच्या शेजारनं मोबाईल धरून पळत होते, एक जण गठ्ठ्यावर आपटला.)

पोरांनंतर मग मोठ्यांचे गट. इथं शर्यतीचं लायसन्स काढलेल्यांची सगळी शिडी असते, आठ-दहा वर्षांपासून चौदापर्यंतचे छोटे गट, मग १५-१६, मग १७-१८, मग पुढचे. लहान गटांना गिअरची मर्यादा असते, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढं जाऊ शकते ते मोजतात, जड गिअर लावून गुडघे घालवू नयेत आणि पाय पटापट फिरवायला शिकावं म्हणून. पण गावच्या दृष्टीनं मजेचा गट म्हणजे हौशी लोकांचा. त्यात पोट सुटलेला प्लंबर, शाळेतली मास्तरीण, साठीचे काका सगळे. लायसन्स नसलं तरी चालतं. पुढच्यांनी एक फेरा जास्त मारून गाठलं तरी हसत हसत बाजूला होतात. आणि मधेच घंटा वाजवतात, की पुढच्या फेरीला जो पहिला येईल त्याला अमुक दुकानाकडून बक्षीस. कुणी चीज देतं, कुणी फुलांचा गुच्छ, कुणी केस कापायचं कूपन. त्यामुळं ज्याला शेवटी जिंकायची आशा नाही तो पण एका फेरीपुरता जीव तोडून पळतो आणि दुकानदाराचं नाव माईकवर दहादा येतं. वर्गणी मागायला जाताना हे सांगा मंडळवाल्यांनो, नुसता फ्लेक्सवर फोटो टाकण्यापेक्षा व्यापाऱ्याला हे जास्त आवडेल.

मोठ्या नावांचं पण सांगते, कारण आमच्या घरात सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. टूर द फ्रान्स संपली की दुसऱ्याच दिवशी सोमवारी ब्राबांटमधल्या बॉक्समेरला शर्यत असते, आणि त्याच आठवड्यात बुधवारी खाम नावाच्या गावात, ती १९३३ पासून चालू आहे. टूरमध्ये टीव्हीवर बघितलेली माणसं तुमच्यापासून हातभर अंतरावरून जातात. त्यांना यायचे पैसे मिळतात, आणि कोण जिंकणार हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं असं उघड बोललं जातं. आईला हे सांगितलं तर तिला जराही धक्का बसला नाही. "नूरा कुस्ती," म्हणाली, "खासबागेत काय कमी बघितल्यात का मी." आणि तरी लोक गर्दी करतात, कारण निकालासाठी कोण आलेलंच नसतं.

मारियान फॉस हे नाव मात्र लक्षात ठेवा, आपल्या पोरींना सांगायला. ब्राबांटातलीच. लहानपणी भावाच्या टीमबरोबर सराव करत करत सुरुवात केली आणि २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये भर पावसात रोड रेसचं सुवर्ण मारलं. आमच्या गावच्या शर्यतीत पोरं-पोरी एकत्र सुटतात, निकाल वेगळा लावतात. पोरींची नावं कमी आली म्हणून गट रद्द, असलं काही करू नका.

आणि हो, एक वेडेपणा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथं चढ नाहीत पण वारा आहे, त्यामुळं या लोकांनी वाऱ्याविरुद्ध सायकल चालवायचीच राष्ट्रीय स्पर्धा काढली, २०१३ पासून. इथल्याच झीलँड प्रांतात समुद्राचं पाणी अडवायला बांधलेला प्रचंड मोठा बांध आहे, त्याच्यावर साडेआठ किलोमीटर. तारीख आधी ठरत नाही, वादळाचा अंदाज आला की थोडेच दिवस आधी जाहीर करतात, वारा कमीत कमी सातच्या जोराचा पाहिजे म्हणजे ताशी पन्नासच्या वर. सायकली आयोजकच देतात, सगळ्यांना एकसारख्या, ताठ बसायच्या, गिअर नसलेल्या. परत तेच, सायकलवर पैसा घालून उपयोग नाही. आपल्याकडं गणपतीत स्लो सायकल असायची ना, शेवटी पोचेल तो पहिला, त्याच जातीचं डोकं आहे हे. आणि सात-सात दिवस चौकात गोल गोल सायकल चालवणारे कलाकार यायचे, सायकलवरच अंघोळ, सायकलवरच जेवण, ते मी इथल्या लोकांना सांगितलं तर त्यांना आपलीच परंपरा जास्त वेडी वाटली.

आता मंडळासाठी. आपल्याकडं सायकलवाले कमी नाहीत, पहाटे पन्हाळा-जोतिबा करणारे आहेत, साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, मारणारे आहेत, गावच्या यात्रांत तर सायकल शर्यती कधीपासून होतात. पण ते सगळं पट्टीच्या लोकांसाठी. घरातली साधी सायकल घेऊन येणाऱ्या पोराला, त्याच्या आईला, रिटायर झालेल्या काकांना जागा कुठं आहे? आणि जे इथल्या गावांना दरवर्षी जमवावं लागतं ते आपल्या तालमी-मंडळांकडं आयतं आहे. कार्यकर्ते, मांडव, बांबू, माईक, वर्गणीची वही, गल्लीतल्या प्रत्येक घरात ओळख. मिरवणुकीची गर्दी सांभाळणाऱ्यांना चार बोळांची तोंडं सांभाळणं काय अवघड.

माझं म्हणणं, रंकाळ्याचा हट्ट सोडा. सगळे पहिल्यांदा रंकाळाच म्हणणार, फोटो चांगले येतात म्हणून, पण फेरा मोठा, सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी, आणि तिथल्या लोकांचा शर्यतीशी संबंध नाही. पेठेतल्याच गल्ल्यांचा फेरा काढा, दारात रांगोळी घालणारी बाई पण बघायला थांबली पाहिजे. रविवारी सकाळी सातला सुरू करा, नऊला रस्ता मोकळा. महापालिका आणि वाहतूक शाखेची परवानगी महिनाभर आधी. स्पीड ब्रेकर आणि खड्डे चुन्यानं मार्क करा, आदल्या दिवशी एक मोठा आणि एक लहान पोरगा फेरा मारून बघू दे, लहान पोराला दिसणारा खड्डा मोठ्याला दिसत नाही. भटक्या कुत्र्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, हा प्रश्न इथं कोणाला विचारायची सोय नाही. रोख बक्षीस लहान गटाला ठेवू नका, रोख आलं की पालक भांडतात. हेल्मेट नसलेल्यांसाठी दहा-पंधरा जमवून ठेवा, गट बदलला की तीच पुढच्यांना.

पाहुणे एकच बोलवा आणि भाषण शर्यतीनंतर. आधी ठेवलं तर पोरं उन्हात उभी राहतात, सात म्हणता म्हणता साडेनऊ होतात. माईकवर बोलायला नावं पटापट घेणारा आणि लहान पोरांना हसवणारा माणूस पाहिजे, आणि तो अध्यक्षांचा भाऊच असला पाहिजे असं काही नाही.

आईनं तिचं नाव आत्ताच घालायला सांगितलंय. साठीच्या वरचा महिला गट नसेल तर काढा म्हणते, आणि साडी चालते का ते नियमात स्पष्ट लिहा.